पाच जण, एक पेटी

“सर, तुम्हीच खाली या.”

फोनवरचा आवाज शांत होता, घाम मला फुटला. हिंगोलीत बसस्थानकाच्या जवळपास भेटायचं ठरलं तेव्हा मी सवयीने एका उपाहारगृहाचं नाव सांगून मोकळा झालो होतो. चहा बरा, पंखा बरा, वरच्या मजल्यावर निवांत बोलता येतं. ज्यांना बोलावलं ते दोन्ही पायांना कॅलिपर लावून कुबड्यांवर चालणारे गृहस्थ. आणि मधे जिना. मी उतरून आलो तेव्हा ते साइड-व्हीलच्या स्कूटीवर बसूनच चहा पीत होते, माझ्यासाठीही एक कट सांगून ठेवला होता. “तुमचं काही चुकलं न्हाई,” ते म्हणाले. “आमचे सोयरेबी असंच करतात. पत्रिका आग्रहानं देतात आन् मंगल कार्यालय वरच्या मजल्यावर.”

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘मंडळ’. गणेश मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ, चौकाचौकातली मित्रमंडळं. चार माणसं एकत्र येतात कशाला, ते जाऊन बघा म्हणाले. मला वाटलं, ज्यांना घराचा उंबरा ओलांडणंच अवघड ती माणसं एकत्र येतात तेव्हा काय होतं ते बघावं. म्हणून श्रावणापासून दसऱ्यापर्यंत हिंगोली जिल्ह्यात चार खेपा झाल्या. पहिली पावसाने वाहून गेली. कयाधूला पूर, रस्ते बंद, सोयाबीन शेतात आडवं. “मीटिंग पुढं ढकलली” एवढाच निरोप आला. पावसात चिखल झाला की कुबडी रुतते आणि तीनचाकीचं चाक फिरत नाही. वर्षातले चार महिने या मंडळाचा कोरम आभाळावर अवलंबून.

गावाचं आणि माणसांचं नाव लिहू नका, असं इथल्या दिव्यांगांच्या गटाने आधीच सांगितलं. कारण विचारलं तर अध्यक्ष, म्हणजे तेच स्कूटीवरचे गृहस्थ, हसले, “सरपंचाकडं आमचं आजून लई काम हाय.”

शाळेच्या ओट्यावर

बैठक महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, शाळेच्या ओट्यावर. ग्रामपंचायतीचं कार्यालय जवळ आहे, पण त्याला तीन पायऱ्या. समाजमंदिराला चार. शाळेला मात्र रॅम्प आहे. शेवटाला तो इतका उभा होतो की तीनचाकी मागून ढकलावी लागते, पण आहे.

दिव्यांगांचा गट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्याकडच्या ‘उमेद’मध्ये, बचत गट म्हटला की दहा ते वीस बायका. दिव्यांगांसाठी नियम सैल केला आहे : पाच जण जमले तरी गट होतो आणि त्यात पुरुषही चालतात. हा पाचाचा आकडा मोलाचा आहे. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात, एकमेकांशी बोलचाल असलेले आणि ओट्यापर्यंत पोचू शकणारे दहा दिव्यांग सापडणं सोपं नाही. पाच सापडतात.

या गटात सात आहेत. अध्यक्ष पोलिओचे. एकाचा उजवा हात कोपराखाली मळणी यंत्रात गेला. सोयाबीनचं खळं, रात्रीची वेळ, पेंढी आत ढकलताना बाही अडकली. एक पूर्ण अंध, एक कमी दिसणारे आजोबा, एक मूकबधिर तरुण, एक कुष्ठरोगातून बरे झालेले गृहस्थ आणि एकच बाई. तिची पाठ कुबडासारखी वाकलेली आहे. ती शिवणकाम करते आणि गटाची वही तिच्याकडे असते, कारण सगळ्यांत चांगलं अक्षर तिचं.

ती वही मी बराच वेळ बघत बसलो. पहिल्या पानावर सात नावं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, पूर्ण. त्यात विशेष काय, असं मला वाटलं. मग चहा घेऊन आलेल्या पोराने हाक मारली आणि विशेष काय ते कळलं. खेड्यात माणसाचं व्यंगच त्याचं नाव होतं. लंगड्या, आंधळ्या, मुका, थोटा. म्हाताऱ्या आयाही लेकराला तशीच हाक मारतात, त्यात दुष्टावा नसतो, म्हणून तर ते जात नाही. वहीवाल्या बाई म्हणाल्या, “ह्यांचं खरं नाव मला गट झाल्यावर कळलं. एकाच गल्लीत राहतो आम्ही, वीस वर्षं झाले.” बैठकीत टोपणनाव घेतलं तर दहा रुपये दंड आहे. आजोबांनी आतापर्यंत सगळ्यांत जास्त दंड भरला आहे.

सरकारी शब्द तर कितीदा बदलले. अपंग, विकलांग, आता दिव्यांग. ‘दिव्य’ म्हटल्याने काय झालं, असं अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “फलक नवे झाले.”

कोषाध्यक्षाचं माप

गटाची पेटी लोखंडी, हिरव्या रंगाची, कुलूप लावलेली. पेटी एकाच्या घरी, किल्ली दुसऱ्याच्या. महिन्याची बचत माणशी शंभर रुपये. आतल्या आत कर्ज द्यायचं, त्याचं व्याज पेटीतच पडतं. हे कुठल्याही बचत गटासारखंच. वेगळं आहे ते कोषाध्यक्ष. जो पूर्ण अंध आहे, तो.

पैसे मोजायला आंधळा माणूस का, हा प्रश्न माझ्या तोंडावर दिसला असावा, पण त्याला दिसला नव्हता. तरी उत्तर त्यानेच दिलं : “मी बोलून मोजतो. डोळ्यावाला मनात मोजतो.” खरंच, तो प्रत्येक नोट हातात घेऊन मोठ्याने आकडा म्हणतो. सात जणांना आणि ओट्याखाली खेळणाऱ्या पोरांनाही हिशेब ऐकू जातो. वहीत मग तोच आकडा चढतो. ज्या गटाचे पैसे मनात मोजले जातात त्या गटात भांडणं होतात, हे मी इतरत्र पाहिलं आहे.

पण नोट ओळखायची कशी? त्याच्या खिशात जाड पुठ्ठ्याची एक पट्टी असते. बरोबर शंभराच्या नोटेएवढी कापलेली. नोट पट्टीवर ठेवायची, एक कड जुळवायची, दुसऱ्या कडेवरून अंगठा फिरवायचा. नोट पट्टीबरोबर संपली तर शंभर. जराशी बाहेर आली तर दोनशे. आणखी जराशी आली तर पाचशे. हे ‘जरासं’ किती, तर नव्या शंभराच्या नोटेची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. म्हणजे फरक चार-चार मिलिमीटरचा. तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. २०१६च्या नोटबंदीपूर्वी शंभराची नोट १५७ मिलिमीटर होती आणि पाचशेची १६७. एक सेंटिमीटरचा फरक बोटाला लगेच लागायचा. नव्या नोटांच्या कडांना उठावदार रेघा आहेत. शंभरला चार, दोनशेला चार रेघा आणि मधे दोन ठिपके, पाचशेला पाच. नवी कोरी नोट असेल तर त्या समजतात. पण गटात येणारी नोट आधी आठवडी बाजार, पानटपरी आणि घामेजलेला खिसा हिंडून आलेली असते. “रेघा मऊ पडतात,” तो म्हणाला. “माप मऊ पडत न्हाई.”

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचं ॲप काढलं. मोबाइलसमोर नोट धरली की तिची किंमत बोलून दाखवतं. ते याच्या फोनमध्ये आहे आणि तो ते वापरतोही, पण एकटा असताना. बैठकीत पुठ्ठाच. कारण मोबाइल बोलायला लागला की पोरं हसतात आणि हिशेब चुकतो.

त्या दिवशी पेटीत सातशे जमा झाले आणि एक कर्ज दिलं गेलं. मळणी यंत्रात हात गेलेल्या माणसाला शेळी घ्यायची होती. त्यावर अर्धा तास वाद झाला. पाटीची घ्यावी की गाभण, बाजार कुठला, आणि एका हाताने शेळी बांधता येते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याने शाळेच्या खांबाला दाव्याची गाठ मारून दाखवलं. डाव्या हाताने आणि दाताने. कर्ज मंजूर.

किती टक्के?

दिव्यांग माणसं पहिल्यांदा भेटली की गाव-जात विचारण्याआधी एक प्रश्न विचारतात : “तुमचे किती?” उत्तर टक्क्यांत. चाळीस, पंचावन्न, ऐंशी. सगळ्या योजनांचं दार चाळीस टक्क्यांना उघडतं, त्यामुळे एकोणचाळीसवाल्याइतका दुर्दैवी माणूस नाही. त्याचं व्यंग खरं आणि कागद रिकामा. आता जे एकच देशव्यापी ओळखपत्र मिळतं, यूडीआयडी, त्यावर रंगीत पट्टी असते. चाळीसच्या आत पांढरी, चाळीस ते ऐंशी पिवळी, ऐंशी आणि त्यावर निळी. गटात पिवळे आणि निळे असा विनोद सारखा चालू असतो. निळ्याने पाणी मागितलं तर पिवळ्याने उठायचं.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातले बळी, स्वमग्नता असं बरंच काही आलं. कायद्याची यादी लांबली, पण ती तपासणारे डॉक्टर त्या मानाने वाढले नाहीत. हाडाचा टक्का हाडाचा डॉक्टर देतो, तो बहुधा मिळतो. बहिरेपणाचा टक्का ठरवायला बऱ्याचदा ‘बेरा’ नावाची चाचणी लागते. ती सगळीकडे होत नाही, मग मोठ्या शहराची चिठ्ठी. मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांक मोजणारा तज्ज्ञ लागतो. अंगावर दिसणारं व्यंग लवकर कागदावर येतं. न दिसणारं वर्षानुवर्षं दारात उभं असतं.

आजोबांना जुने दिवस आठवतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला झाला. त्याआधी हा सगळा परभणी जिल्हा. दाखल्यासाठी परभणी गाठायची म्हणजे मुक्कामाची तयारी. सेनगाव किंवा कळमनुरीच्या आतल्या गावातून पहाटे निघायचं, वैद्यकीय बोर्डाची वेळ टळली की धर्मशाळेत झोपायचं. आता जिल्हा रुग्णालय जवळ आलं, हिंगोलीला २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. एसटीत चाळीस टक्क्यांच्या पुढे ७५ टक्के सवलत आहे. पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. सवलत तिकिटाला आहे, पायरीला नाही.

इथे गटाचं खरं काम दिसलं. एकटा माणूस दाखल्याला गेला की एका कागदासाठी तीन चकरा मारतो. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, फोटो चालत नाही, ऑनलाइन अर्जाची पावती विसरली. गटाने एक साधी गोष्ट केली. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या कागदांची यादी लिहिली : काय आहे, काय नाही, कशात चूक आहे. मग ज्याचे कागद पूर्ण, त्यालाच न्यायचं. सोबत एक डोळस, एक बोलका, एक चालता. “आम्ही तिघं मिळून एक सबंध माणूस होतो,” कोषाध्यक्ष म्हणाला. वाक्य तयार होतं. माझ्याआधी आलेल्या पत्रकारांनाही त्याने ते ऐकवलं असणार. पण तालुक्याला जाताना मी त्यांच्याबरोबर गेलो आणि ते शब्दशः खरं आहे. अंध माणूस तीनचाकी ढकलतो, तीनचाकीवाला रस्ता सांगतो, आणि खिडकीशी बोलायचं काम थोटे गृहस्थ करतात, कारण ते कुणाला घाबरत नाहीत.

संजय गांधी निराधार योजनेचं मानधन दिव्यांगांसाठी दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये घेतला. गटात त्यावर पेढे वाटले गेले. पण अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं. महिन्याचे चार हजार एकशे सहासष्ट. एवढ्यात कुटुंब चालतं असं ज्याने ठरवलं त्याला बाजारात पाठवावं. मग काय होतं, तर तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं एक खोटं दरवर्षी दाखल्यावर लिहिलं जातं आणि गरीब माणूस त्या खोट्याच्या ओझ्याखाली राहतो. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. कुष्ठरोगातून बरे झालेल्या गृहस्थांची बोटं झिजली आहेत, यंत्रावर ठसा उमटत नाही. “जित्ता हाय हे मला दरसाल डोळा दाखवून सांगावं लागतं,” ते म्हणाले. डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र प्रत्येक केंद्रात असतंच असं नाही.

पाच टक्क्यांची वसुली

नियम असा की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा गावातल्या दिव्यांगांवर खर्च करायचा. आधी तो तीन टक्के होता, २०१६च्या कायद्यानंतर पाच झाला. ऐकायला छान आहे. आता हिशेब करा. एखाद्या गावात घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला दोन लाख जमले, तर पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावात वीस दिव्यांग असले तर माणशी पाचशे. त्या पाचशेसाठी ग्रामसभेत हात वर करायचा, आणि सगळ्या गावाने “ह्यांनाच सगळं” म्हणून बघायचं.

ग्रामसेवकाचं ठरलेलं उत्तर होतं, “वसुलीच नाही, पाच टक्के कशाचे देऊ?” दोन वर्षं गट हे ऐकून परत आला. तिसऱ्या वर्षी अध्यक्षांना युक्ती सुचली. वसुली नाही ना, मग आम्ही येतो वसुलीला. पंचायतीच्या शिपायाबरोबर पावतीपुस्तक घेऊन गटाचे तिघे घरोघर हिंडले. ज्यांनी पाच-पाच वर्षं घरपट्टी थकवली होती त्यांनीही थोडीफार भरली. सरपंच खूष झाले, पाच टक्के मिळाले.

मला ही गोष्ट फार आवडली आणि मी तसं म्हणालो. अध्यक्षांचा चेहरा मात्र उतरला. “लोकांनी पट्टी पंचायतीला न्हाई दिली, सर. आमाला दिली. दारात लंगडा आला, रिकामा कसा पाठवावा म्हणून दिली. पावती दिली तरी भीकच की.” पुढच्या वर्षी ते गेले नाहीत. वसुली पुन्हा खाली आली.

मिळालेल्या पैशांचं काय करायचं यावरही गट दुभंगला होता. निम्म्यांचं म्हणणं, खात्यावर वाटून टाका, प्रत्येकाला आपली गरज कळते. निम्म्यांचं म्हणणं, वाटले की दिवाळीच्या तेलात जातात. त्यापेक्षा पंचायतीच्या तीन पायऱ्यांना रॅम्प करा. रॅम्पवाले हरले. माझं मत रॅम्पच्या बाजूने, पण माझ्या घरी दिवाळीला तेल असतं.

पोलिओची पिढी

चार खेपांमध्ये एक गोष्ट लक्षात आली. ज्या ज्या गावात दिव्यांगांचा गट किंवा संघटना नीट उभी आहे, तिथला पुढारी जवळपास नेहमी एकच : पोलिओ झालेला, चाळिशी-पन्नाशीचा पुरुष. याचं कारण सरळ आहे. पोलिओ पाय नेतो, पण बुद्धी, वाचा, डोळे, कान राहतात. शाळा होते, दहावी-बारावी होते, साइड-व्हीलची स्कूटी आली की तालुका जवळ येतो. आणि लहानपणापासून सोसलेलं असल्यामुळे जीभ धारदार होते.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांची चळवळ उभी करणारे एड रॉबर्ट्स पोलिओचेच. रात्री ते लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात झोपत, आणि त्यांनी व त्यांच्या मित्रांनी १९७२मध्ये बर्कलीत अपंगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र काढलं. ज्युडी ह्यूमन यांनाही पोलिओच. १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या पुढारपणाखाली अपंग माणसं तीन आठवड्यांहून जास्त काळ सरकारी इमारतीत ठाण मांडून बसली आणि कायद्याचे नियम सही करून घेऊनच उठली. आपल्याकडे नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली लुळेपण आलं आणि त्यांनी १९८४मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ अध्यक्षांनी वाचलं आहे. गटात ते एकच पुस्तक सगळ्यांकडे फिरलं, कोषाध्यक्षाला बाईंनी वाचून दाखवलं. शेजारच्या, तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात सरकारी दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रमातून गावोगाव दिव्यांगांचे संघम् झाले, ते नव्या शतकाच्या सुरुवातीला. मराठवाडा एकेकाळी त्यातल्या तेलंगण भागाबरोबर एकाच निजामी राज्यात होता, पण ही गोष्ट इकडे यायला बराच वेळ लागला.

आता पोलिओ संपला. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. यासारखी आनंदाची बातमी नाही, आणि तिचा एक अर्थ असाही की ही पुढाऱ्यांची पिढी शेवटची. अध्यक्षांचे खांदे कुबड्यांनी झिजले आहेत. पोलिओतून वाचलेल्या स्नायूंनी आयुष्यभर दुप्पट काम केलेलं असतं, ते उतारवयात दगा देऊ लागतात. “माझ्यामागं कोण?” हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. मी ओट्यावर बसलेल्यांकडे बघितलं. वही बाईंच्या मांडीवर होती. अध्यक्ष तिकडे बघत नव्हते. मी हे त्यांना सांगितलं नाही, इथे लिहितो आहे.

औंढ्याच्या पायऱ्या

गटाची आतापर्यंत एक सहल झाली. टेम्पो करून औंढा नागनाथ. सगळ्यांनी पेटीतून नाही, आपापल्या खिशातून पैसे घातले, कारण पेटीतले पैसे देवाला चालत नाहीत असं आजोबांचं मत पडलं.

औंढ्याला गेलेल्यांना माहीत आहे, मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर हत्ती, यक्ष, सुंदऱ्या कोरलेल्या आहेत, आणि ज्योतिर्लिंग मात्र खाली, तळघरासारख्या गाभाऱ्यात. अरुंद, उभ्या पायऱ्या, वाकून उतरायचं, खाली जेमतेम माणसं मावतात. धडधाकट माणसाचीही तिथे तारांबळ उडते. सातांपैकी तिघे उतरले : अंध, मूकबधिर आणि थोटे. चौघे वर राहिले.

पण सहलीबद्दल विचारलं की कुणीच पायऱ्यांबद्दल बोलत नाही. कोषाध्यक्ष सांगतो ते भिंतीबद्दल. डोळसांना लांबून बघावी लागणारी ती शिल्पं त्याने हाताने बघितली. हाताला लागतील तेवढे सगळे हत्ती मोजले. मूकबधिर तरुण टेम्पोच्या टपावर बसल्याची खूण करून अजून हसतो. बाईंना आठवतं ते एवढंच की त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नव्हता आणि कुणाला विचारलंही नव्हतं. योजना, दाखले, टक्के यासाठी गट लागतोच, पण सातही जणांना त्या दिवसाची तारीख पाठ आहे.

ओट्यावर जे नाहीत

मूकबधिर तरुणाला बैठकीतलं किती कळतं? प्रामाणिक उत्तर, निम्मं. तो शाळेत गेला नाही. शहरात शिकवतात ती सांकेतिक भाषा त्याला येत नाही. घरच्यांनी आणि त्याने मिळून केलेल्या खुणा आहेत. कपाळाला बोट घासलं की हळद, मिशीला पीळ दिला की सरपंच, मुठीवर मूठ आपटली की पेटी. त्याची दहा वर्षांची पुतणी दुभाष्या. ती परीक्षेच्या दिवसांत येत नाही, तेव्हा तो नुसता बसतो. तरी दर वेळी येतो आणि शंभर रुपये सगळ्यांत आधी टाकतो.

पण तो ओट्यावर आहे तरी. गावाच्या टोकाला एक घर आहे. तिथला मुलगा एकोणीस वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलत नाही, बसवलं तर थोडा वेळ बसतो. लहान होता तेव्हा आई त्याला कडेवर घेऊन सगळीकडे जायची. तो वाढला, आईची कंबर गेली, आणि दोघांचं घराबाहेर पडणं एकाच वर्षी थांबलं. मजुरीला ती जात नाही, नवरा एकटा जातो. मी गेलो तेव्हा ती त्याला वरण-भात कुस्करून भरवत होती. एक घास, मग मान सरळ धरायची, गिळल्याची वाट बघायची, ओठ पुसायचे, मग दुसरा घास. एका वाटीला पाऊण तास लागला. दिवसातून तीनदा.

कागदावर तिच्यासाठी गोष्टी आहेत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा मुलांना ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच मिळतं. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, नाहीतर बँकेचं खातं चालवताना अडतं. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. गटातही कुणाला नव्हतं. शहरात अशा मुलांच्या पालकांच्या संघटना आहेत, १९९५पासून ‘परिवार’ नावाचा त्यांचा देशपातळीवरचा महासंघही आहे. खेड्यात एका आईपासून दुसरी आई चार कोसांवर असते.

गटात तिला का घेतलं नाही? कारण सदस्य स्वतः दिव्यांग हवा आणि बैठकीला हजर हवा, असं अध्यक्षांनी सांगितलं. मुलगा हजर राहू शकत नाही, आई दिव्यांग नाही. नियमाला धरून बोलणं झालं. ज्या माणसाने मला “तुम्हीच खाली या” म्हणून सांगितलं होतं, त्याला मी विचारलं, “मग गटानेच तिच्याकडे का जाऊ नये?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिकडं रस्ता खराब हाय.” आणि मग स्वतःच हसले.

दसऱ्याच्या आधीची बैठक तिच्या ओसरीवर झाली. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, प्रदर्शनाला सगळा जिल्हा लोटतो, त्यामुळे तारीख अलीकडे घेतली होती. सातांपैकी पाच पोचले. दोघांची चाकं चिखलात अडकली ती गावातल्या पोरांनी काढली. पेटी उघडली, शंभर-शंभर मोठ्याने मोजले गेले. मुलगा खाटेवरून कोषाध्यक्षाच्या आवाजाकडे मान वळवत होता. आईने शंभराची नोट पुढे केली. ती घ्यायची की नाही यावर चर्चा झाली, नियम काढले गेले. शेवटी बाईंनी कुणाला न विचारता वहीत आठवं नाव लिहिलं, मुलाचं, पूर्ण. अध्यक्षांनी पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणून सांगितलं. तो विषय अजून झालेला नाही.

२६ जानेवारीला तुमच्याही गावात ग्रामसभा असते. झेंडावंदन झाल्यावर थोडं थांबा आणि दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षीचे पाच टक्के कुठे खर्च झाले, आणि ज्यांच्यावर खर्च झाले त्यांपैकी ग्रामसभेला कोण येऊ शकलं. दुसरा प्रश्न विचारण्याआधी पंचायतीच्या पायऱ्या मोजून ठेवा.